आइस्क्रीमच्या डब्यातलं खाजण

धाकट्या जावेचं बरं झालेलं श्यामलाबाईंना बघवत नसे, आणि पूर्णिमाचं तर दरवर्षी काहीतरी बरंच होत होतं. दीर सुदर्शन कॉम्प्युटर कंपनीत लागला, मग गाडी आली, मग अमेरिका झाली. श्यामलाबाई मात्र माती तपासायच्या प्रयोगशाळेत बाटल्या हलवत होत्या आणि सदाशिव पेठेतून बसनेच जात होत्या. माणसाने जळू नये तर काय करावं?

२००१ साली पूर्णिमा आइस्क्रीमच्या डब्यात माती घेऊन आली. "वहिनी, कोकणात अगदी खाडीकाठी जागा घेतली हो आम्ही. बंगला आणि हापूसची बाग. जरा टेस्ट करून द्या ना."

झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा वास आला. काळी, स्पंजासारखी माती, तिच्यात लव्हाळ्याच्या अर्धवट कुजलेल्या मुळ्या. भरतीचं खारं पाणी जिथे रोज आत शिरतं, तिथली ही खाजणाची माती. श्यामलाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी न विचारता चहा टाकला. पेठेत ही मोठीच गोष्ट.

ओली होती तोवर माती साधी वाटत होती. गॅलरीत पेपरवर पसरल्यावर ती सुकत गेली, पिवळे डाग धरू लागली आणि तपासली तर जहाल आंबट निघाली. रविवारी श्यामलाबाई ठेवणीतली साडी नेसून जावेकडे गेल्या.

"पाणी काढलंत की ही माती आकसते, खचते. बंगला दरवर्षी थोडा थोडा खाली जाईल. सुकली की हिच्यातल्या गंधकाचं तेजाब होतं, ते पिलरमधलं लोखंड खाईल. हापूस सोडाच, मेथीसुद्धा रुजायची नाही. खेकड्यांना मात्र उत्तम. अभिनंदन!"

आता हिचा चेहरा पडणार, म्हणून त्या बघत राहिल्या. पूर्णिमाने उठून त्यांना वाकून नमस्कार केला.

"वाचवलंत, वहिनी! नुसता विसार दिलाय. खरेदीखत उद्या होतं."

श्यामलाबाई समजत होत्या की व्यवहार कधीच उरकलाय. आणखी एक दिवस जीभ आवरली असती तर!

पुढच्या वर्षी त्याच गावात, वरच्या कातळावर बंगला उभा राहिला. खाडी तिथूनही छान दिसते. वास्तुशांतीला पूर्णिमाने सगळ्या नातेवाइकांसमोर श्यामलाबाईंची ओटी भरली आणि म्हणाली, "हे घर वहिनींमुळे उभं आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्यामलाबाई हसल्या, आणि पानावरची जिलबी त्यांना काही केल्या गिळवेना.