दारावरची प्रार्थना

"फोड. बठ्ठासमोर, सगळ्यांसमोर फोड. आत काय भरलं शे ते दिसू दे."

सोसायटीचे चेअरमन नाना खुर्चीतून म्हणाले. आजूबाजूला सगळी बिल्डिंग. मी आणि पप्पा उभे. फरशीवर आमच्या दाराची पितळी नळी, बोटाएवढी. सकाळीच कोणीतरी उचकटून आणलेली.

आम्ही बेने इस्राएल. ज्यू. पप्पा भुसावळला रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाल्यावर जळगावात फ्लॅट घेतला. आमच्यात दाराच्या चौकटीवर मेझुझा लावतात. नळीत चर्मपत्राची गुंडाळी, त्यावर हिब्रूत प्रार्थना. येता-जाता हात लावायचा, बोटं ओठांना टेकवायची. एवढंच.

पण नानांच्या सुनेचं मूल पोटातच गेलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका अंथरुणाला खिळले. मग मी जिन्यात दिसले की बायका गप्प व्हायला लागल्या. दारापुढे कापलेली लिंबं पडायला लागली. शुक्रवारी सांजेला आम्ही शब्बाथचे, विश्रांतीच्या दिवसाचे दिवे लावायचो, तेवढ्यात समोरचं दार धाडकन बंद व्हायचं.

"करणी नाही नाना, प्रार्थना आहे," मी म्हणाले.

"कोण सांगतं? गावात दहा माणसं तरी आहेत का तुमची?"

त्यांना ठाऊक नव्हतं ते कुठे लागलं. सामुदायिक प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. मम्मी गेली तेव्हा दहा जमले नव्हते. पप्पा तिच्या उशाशी मुंबईच्या गाडीने येणाऱ्या माणसांची वाट बघत बसले होते.

पप्पा खाली वाकले. नळी उघडली. "माफ करा नाना. काढून टाकतो. पोरीला कळत नाही."

चर्मपत्र उलगडलं. नानांनी चपलेच्या टोकाने ते सरकवलं, आणि पाय त्यावरच ठेवला. कोणीतरी हसलं. कोणीतरी मोबाइल पुढे केला.

आयुष्यभर मी लपले होते. कॉलेजात ख्रिश्चन सांगायचे. समजावत बसायला नको. त्या चपलेखाली मला माझंच तोंड दिसलं.

"पाय काढा."

"काय?"

"पाय काढा, नाना. देवाचं नाव आहे त्यावर."

त्यांनी पाय काढला. मी चर्मपत्र उचललं, आणि तिथेच मोठ्याने वाचलं. शेमा इस्राएल, ऐक इस्राएला. आवाज फाटला. तरी शेवटपर्यंत वाचलं.

तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, "मिटवून घ्या ताई. राहायचंय ना तिथेच? धर्म काय?"

"ज्यू."

"म्हणजे ख्रिश्चनच ना?"

"नाही. ज्यू. लिहा."

त्याने लिहिलं. मी सही केली, तक्रारीची प्रत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी आमचं पाणी बंद झालं. तिसऱ्या दिवशी दारावर कोळशाने मोठी फुली.

"मुंबईकडे, ठाण्याला राहायला जाऊ, आपली माणसं आहेत तिथे," पप्पा म्हणाले. त्यांची बॅग मी भरून दिली. माझी नाही.

फुली पुसायला फडकं घेतलं, आणि ठेवून दिलं. राहू दे. धमकवायला येणाऱ्याला घर सापडलं पाहिजे. दार मीच उघडणार आहे.