हार्लेमच्या थिएटरात आजीचं फ्रेंच

आईला पॅरिस दाखवायचं ठरलं होतं आणि दाखवलं हार्लेम. नेदरलँड्समधल्या आमच्या नीउ-व्हेनेपच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचं. तरीही आतापर्यंतच्या आमच्या सगळ्या सहलींत हीच लिहून ठेवावीशी वाटली.

आईने पुण्यातल्या एका शाळेत आयुष्यभर फ्रेंच शिकवलं. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मला वाटलं, हिला फ्रान्सला नेण्याइतकं सोपं काही नाही. पण मी तिकिटं बघायला बसले की तिचा गुडघा दुखायचा. ट्युलिपच्या बागेत हाच गुडघा दिवसभर मजेत चालला होता, त्यामुळे मला जरा शंका यायची. मी विचारायचे, ती विषय बदलायची.

घरात आणखी एक गोष्ट बिनसली होती. माझ्या नऊ वर्षांच्या इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं, नाहीतर इंग्रजीत. आजी आली त्या आठवड्यात ती हौसेने मराठी बोलली. "आजी, हा माझा शाळा." आई लगेच म्हणाली, "माझी शाळा." मग पुढचं वाक्य, पुढची दुरुस्ती. मुरलेली शिक्षिका, तिचाही इलाज नव्हता. हळूहळू इरा आजीपुढे नुसती मान हलवायला लागली. आई परत जायला आठवडा राहिला होता आणि या दोघी एका सोफ्यावर दोन पाहुण्यांसारख्या बसत होत्या.

तेवढ्यात मला हार्लेमच्या एका छोट्या थिएटरची जाहिरात दिसली. पन्नासच्या दशकातला एक फ्रेंच विनोदी चित्रपट होता, सहलीला निघालेल्या पर्यटकांवरचा. फोटो पाहून आई एकदम म्हणाली, "अगं, हा तर आमचा बसवाला सिनेमा!" फ्रेंच शिकत असताना तिने तो पाहिला होता. गुडघ्याचं नावही निघालं नाही.

शनिवारी सकाळी निघालो. नवरा कामासाठी परगावी होता, म्हणून आम्ही तिघीच. ट्रेनने हूफ्डडॉर्प, तिथून लाल बस थेट हार्लेमला. बँकेचं कार्ड टेकवलं की झालं, फक्त उतरतानाही टेकवायला विसरू नका. शनिवारी मोठ्या चर्चसमोरच्या चौकात बाजार भरतो. तिथला गरम स्ट्रोपवाफल आईला फार आवडला. आत पाक भरलेलं हे पातळ बिस्किट तिने कागदात गुंडाळून पर्समध्येही ठेवलं. इरा पुढे, आई मागे आणि मी मध्ये, अशा आम्ही नदीकाठाने थिएटरपर्यंत गेलो. तिकीट सिनेमाच्या मानाने जरा महागच, पण इंटरव्हलला कॉफी त्यातच होती.

चित्रपटाची गोष्ट साधी. पर्यटकांची बस रस्ता चुकते आणि बघण्यासारखं काहीही नसलेल्या एका खेड्यात येऊन थांबते. पाहुणे हिरमुसू नयेत म्हणून गावकरी आपली विहीर, आपला गोठा, आपली म्हातारी माणसंसुद्धा मोठ्या थाटात दाखवायला लागतात. खाली डच भाषांतराची अक्षरं होती. आई ऐकून हसत होती, इरा वाचून हसत होती, आणि त्या दोघींच्या मधल्या खुर्चीत मी दोन्ही भाषांत अर्धीमुर्धी.

इंटरव्हलनंतर खालची अक्षरं गायब झाली. थोडी कुजबुज झाली. थिएटरमधली मुलगी येऊन म्हणाली की दुरुस्त करायचं तर सगळं थांबवावं लागेल. लोक म्हणाले, चालू दे. इराचा चेहरा पडला. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि आई तिच्या कानाशी सांगायला लागली, मराठीत.

"सरपंच म्हणतोय, ही विहीर राजाने बांधली."

"सरपंच म्हणजे?"

"गावाचा मुख्य."

"बुर्खेमेस्टर," इरा स्वतःशीच डचमध्ये पुटपुटली. आता तिच्या पलीकडे मी होते आणि माझ्या शेजारी एक डच आजीबाई. त्या पुढे वाकल्या आणि इराला विचारू लागल्या, तो काय म्हणाला? इराने सांगितलं. मी खुर्ची सोडून पायरीवर बसले, त्या आजीबाई तिच्याजवळ सरकल्या. मग मागच्या रांगेतलं एक जोडपंही पुढे झुकलं. पडद्यावरचं फ्रेंच आईकडे, आईचं मराठी इराकडे आणि इराचं डच दोन रांगांना. दोन सेकंद उशिरा हसू यायचं, पण यायचं. एकदा आई म्हणाली, "फार पाहुणचार करतात गं." इरा अडली. विचार करून तिने डचमध्ये सांगितलं, कुणालाही न जेवता जाऊ देत नाहीत. घाईत आईला तिच्या मराठी प्रश्नांतल्या चुका काढायला सवडच नव्हती, आणि इराने किती प्रश्न विचारले!

शेवटी बसला खरा रस्ता सापडतो. सरपंच खिडकीशी येऊन काहीतरी म्हणतो. आई इराच्या कानाशी वाकली. "पुन्हा रस्ता चुका, म्हणतोय." इराने ते सांगितलं आणि शेजारच्या आजीबाईंनी तिचा हात हातात घेतला.

बाहेर आल्यावर नदीकाठच्या बाकावर आम्ही फ्रीट खात बसलो, कागदी कोनातले बटाट्याचे जाड तळलेले काप, वर मेयोनीज. मी पुन्हा पॅरिसचं विचारलं. या वेळी आईने उत्तर दिलं.

"इतकी वर्षं शिकवलं, पण फ्रान्समध्ये कुणाशी एक वाक्य बोलले नाही. तिथे तोंड उघडलं आणि त्यांनी माझ्या चुका काढल्या, तर गप्पच बसेन गं मी."

आईने इराकडे पाहिलं. इरा बोटांचं मेयोनीज चाटत बदकं मोजत होती. बराच वेळ आई तिच्याकडेच बघत होती. मग आपल्या कोनातले उरलेले काप तिने इराच्या कोनात ओतले.

पॅरिस राहिलंच. उरलेल्या दिवसांत दोघी रोज, इरा सायकलवर आणि आई पायी, घराजवळच्या तळ्यापर्यंत जायच्या, मला सोबत न घेता. हार्लेमला जाणार असाल तर शनिवारी जा, बाजार पाहा, नदीकाठी निवांत बसा. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.

आई पुण्याला परतून महिना झाला. काल शाळेतून आल्या आल्या इराने स्वतःच आजीला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते. तिचा आवाज ऐकू आला.

"आजी, मी सायकलवरून पडला."

मी कढईवरचा हात थांबवला. फोन स्पीकरवर होता, आईचा आवाज आला.

"अगं बाई. फार लागलं का तुला?"