चातुर्मासात सोडलेली गोळी

चातुर्मास लागला की आमच्या पूनम सागर सोसायटीतल्या भजनी मंडळात सोडण्याची चढाओढ लागते. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी चहातली साखर. त्या साखरवाल्या बाईंना डायबेटिस असतो आणि साखर डॉक्टरांनी कधीच बंद केलेली असते, पण पुण्य आपल्या नावावर लागत असेल तर कोण सोडतंय? त्या वर्षी मी झोपेची गोळी सोडली. अध्यक्षबाईंनी माइकवरून जाहीर केलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या.

ही गोळी नवरा गेला तेव्हा सुरू झाली. "थोडे दिवस घ्या, मन शांत राहील," फॅमिली डॉक्टर म्हणाले. त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली. दर खेपेला हा माणूस मोबाइलमध्ये बघत "झोप लागते ना?" विचारायचा आणि माझं उत्तर यायच्या आत 'कंटिन्यू' लिहून मोकळा व्हायचा. पुढे पुढे केमिस्टला कागदही लागेना. "आंटी, वोही वाली ना?" म्हणत तो पट्टी काउंटरवर टाकायचा. गोळी नाही तर झोप नाही, आणि गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड. भाजी चिरता चिरता डोळा लागायचा. मी त्याला म्हातारपण समजत होते.

शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माझ्या लेकीला मात्र ते म्हातारपण वाटत नव्हतं. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि नातू दिवसभर माझ्याकडेच राहणार हे मी धरूनच चालले होते. एक दिवस ती म्हणाली, "आई, मी पाळणाघर बघतेय." आदल्याच आठवड्यात तो मांडीवर असताना मला डुलकी लागली होती आणि तो घसरून पडला होता.

"गादीवरच पडला ना?" मी म्हणाले.

"या वेळी गादी होती," ती म्हणाली.

नातू हवा असेल तर गोळी सोडायला हवी, एवढं सरळ होतं. डॉक्टरला विचारलं तर म्हणे, "बंद कशाला करताय? सूट झालीय ना तुम्हाला?" मग गेले भजनी मंडळात. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, मनाचा निग्रह पाहिजे. मी बटाटेवडा सोडते, तुम्हाला एवढीशी गोळी सोडवत नाही?" उचलली जीभ लावली टाळ्याला. बटाटेवडा सोडला म्हणून कुणाचे हात थरथर कापत नाहीत, हे मलाही तेव्हा सुचलं नाही. आषाढी एकादशीला पट्टी कचऱ्यात टाकली.

दोन-तीन दिवसांतच हात थरथरायला लागले. घाम, छातीत धडधड, पायाखालची फरशी हलतेय असं वाटायचं. कुकरची शिट्टी झाली तरी मी किंचाळायची. "विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे," मंडळाचा निकाल आला.

त्याच आठवड्यातल्या भजनात माझ्या हातातून टाळ गळून पडले, तेवढं आठवतं. पुढचं मला नंतर कळलं. मला फिट आली होती. मी जमिनीवर झटके देत होते आणि त्या शहाण्या बायकांनी ठरवलं की माझ्या अंगात आलंय! शुद्धीवर आले तेव्हा कपाळभर कुंकू, ओटीत नारळ आणि चावलेल्या जिभेचं रक्त. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेल्या एक बाई हात जोडून विचारत होत्या, मुलाचा कॅनडाचा व्हिसा कधी होईल. रिक्षा बोलवायचं एकीलाही सुचलं नव्हतं. मी खरंच देवी असते तर तिथल्या तिथे सगळ्यांना भस्म केलं असतं.

कुणाकडून तरी कळलं तशी लेक धावत आली आणि तिने मला काशीमीऱ्याच्या हॉस्पिटलात नेलं. तिथली डॉक्टर उखडलीच. "इतक्या वर्षांची गोळी अशी एकदम थांबवतात? जीव गेला असता. हळूहळू उतरवायची, तीही माझ्या देखरेखीखाली." आमच्या फॅमिली डॉक्टरला हे सांगितलं तर तो खांदे उडवून म्हणाला, "मी कुठे सांगितलं होतं बंद करा म्हणून?" खरं होतं. त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

नातू पाळणाघरात गेला. मी गोळ्यांचे तुकडे करत बसले. पाऊण, मग कितीतरी महिन्यांनी अर्धी. प्रत्येक वेळी कमी केली की तीच धडधड, तीच भीती. लेकीवर ओरडले, दूधवाल्यावर ओरडले, देवालाही सोडलं नाही. मंडळाने माझ्याकडे पाठ फिरवली. व्रत अर्ध्यावर टाकणाऱ्या बाईच्या पाया कोण पडणार?

पाव गोळीवर आले तेव्हा एका दुपारी लेक नातवाला घेऊन दारात उभी राहिली. "आई, दोन तास ठेवशील? ऑफिसचं काम आहे." मी ठेवून घेतला. आता तो दुडुदुडु चालायचा. माझ्या साडीला धरून घरभर फिरला, डबे पाडले, मऊ भात खाल्ला. माझी पापणी जड झाली नाही.

वाळलेले कपडे काढायला खिडकीशी गेले तर लेक खाली बागेतल्या बाकावर बसलेली. ऑफिस नाही, काम नाही. मान वर करून माझ्याच खिडकीकडे बघत होती. असा संताप आला! पोटच्या पोरीने माझ्यावर पाळत ठेवावी? वाटलं, खिडकी धाडकन लावून घ्यावी. हात उचललाही होता.

मग नातवाला कडेवर घेतलं आणि पडदा पूर्ण बाजूला सारला, तिला नीट दिसावं म्हणून.