व्याह्यानं दिलेला बुलडॉग

बुलडॉग घ्यायचाच असेल तर तो पाहायला एप्रिलमध्ये जा. थंडीत कोणताही बुलडॉग चांगलाच दिसतो. आमच्याकडे आला तो पौषात. अंगावर स्वेटर घातलेला, तोंड गंभीर, चाल अशी की जणू गावचा पाटीलच पाहणीला निघाला आहे. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं पेपर वाचून वाचून शिकले. त्या पेपरात बुलडॉगचा फोटो मी पाहिला होता. पण फोटोला वास नसतो आणि फोटो घोरतही नाही, म्हणून मी कधी त्याच्यावर विचार केला नव्हता.

आमचं गाव लाखांदूरकडचं. धानाची शेती, घरामागे बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. म्हशी तिथंच बसतात, पोरं तिथंच पोहायला शिकतात. मुलाचं लग्न तुमसरच्या मुलीशी झालं. तिच्या वडिलांची राईस मिल आहे. व्याह्याला आम्ही इवाई म्हणतो. तर हे इवाई एक दिवस गाडी घेऊन आले, मागचं दार उघडलं आणि एक पांढरं-तांबडं गाठोडं खाली उतरवलं. मला आधी डुकराचं पिल्लू वाटलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. खालचा जबडा वरच्याच्या पुढे, नाक आत दाबलेलं, आणि लाळ थेट माझ्या सारवलेल्या अंगणात.

"इवाईबुवा," ते आमच्या ह्यांना म्हणाले, "तुमचं धान खळ्यावर पडून राहते. राखणीले हा ठेवा. याले पाहूनच चोर पळते."

आमचे हे फुलून गेले. माणूस चाळीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. आयुष्यभर लोकांना 'पुढे सरका' म्हणत गेला, आणि आता त्याच्या दारात मिलवाल्यानं विलायती कुत्रा आणून बांधला. चहा झाला, पोहे झाले. इवाई जाताना ज्या घाईनं गाडीत बसले, ती घाई फक्त मी पाहिली.

खरी गोष्ट नंतर सुनेनं सांगितली, तीही खाली मान घालून. कुत्रा तिच्या भावानं हौसेनं नागपूरहून आणला होता. हौस फिटली. मग घरात कोणी त्याचं करेना, तेव्हा तिच्या बाबांना आमच्या खळ्याची आठवण झाली. पोरीचा यात काय दोष, मी तिला काही बोलले नाही. जे बोलायचं ते ह्यांना बोलले.

"परत पाठवा."

"अवो, इवायानं देल्ली वस्तू वापस करतेत का कोणी? पोरीले काय वाटन? त्यायच्या तोंडावर मारल्यासारखं होते."

खोटं नाही, रीत तीच आहे. इवायानं दिलेली साडी आवडली नाही तर पेटीत तळाला ठेवायची, ताट आवडलं नाही तर माळ्यावर टाकायचं, आणि इवाई येणार असले की काढून समोर ठेवायचं. पण कुत्रा पेटीत ठेवता येत नाही. त्याला जिवंत ठेवावं लागतं. आणि आमच्या गावच्या उन्हात तो जिवंत राहील कसा, हाच पुढे घोर होऊन बसला. परत करावा तर इवायाचा अपमान, ठेवावा तर कुत्र्याचा जीव.

राखणीचं आधी सांगते. पहिल्या दिवशी ह्यांनी त्याला खळ्यावर नेऊन बसवलं. शेजारणीची गाय सुटून आली आणि धानाच्या राशीत तोंड घालून आरामात खाऊ लागली. कुत्र्यानं तिच्याकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि कूस बदलली. गावचे कुत्रे सुरुवातीला लांबून भुंकायचे. चार दिवसांत त्यांना कळलं की हा नुसताच तोंडाचा आहे. मग ते त्याच्या शेजारी येऊन झोपू लागले, आणि त्याच्या भाकरी खाऊ लागले.

शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काकू, तुमच्याकडे ट्रॅक्टर चालू आहे का कुत्रा झोपून आहे?"

"झोपून आहे."

"बरं झालं सांगतलं. मी म्हटलं, डिझेल कायले जाळून राहिले."

त्याच्या तोंडावर घड्या होत्या, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या. त्या रोज उघडून पुसाव्या लागतात आणि कोरड्या कराव्या लागतात, नाही तर आत सडतं आणि वास येतो. हे काम सून करायची, मऊ जुन्या धोतराच्या चिंधीनं. मी माझ्या सासऱ्याचं दुखण्यात सगळं केलं, पण त्यांच्याही तोंडाच्या घड्या कोणाला अशा उघडून पुसाव्या लागल्या नव्हत्या. आणि वास फक्त तोंडाचाच होता असं समजू नका. संध्याकाळी सगळे ओसरीवर बसले की तो मागून असा वारा सोडायचा की बोलणारा माणूस मधेच थांबायचा. हे म्हणायचे, "जातिवंत आहे, त्याचं पोट नाजूक असते." जात अशी नाजूक असते होय? आमच्या गावचा कुत्रा मेलेलं वासरू खातो आणि वरून शेतापर्यंत धावतो.

ह्यांनी प्रेमानं त्याला बोडीतले झिंगे घालून भात चारला. त्याला खाज सुटली. अंगावर चट्टे उठले. मग लाखांदूरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं गाई-बकऱ्यांची रांग होती आणि मधे आमचा हा, ह्यांच्या मांडीवर. गाय घेऊन आलेला एक म्हातारा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "याले काय झालं? कोणी दारात चेपलं का?"

डॉक्टर तरुण होते, पण बोलले नीट. वजन वाढू देऊ नका. गळ्यात पट्टा बांधू नका, छातीला बांधायचा घ्या, गळा दाबला की श्वास अडकतो. उन्हात काढू नका. आणि थंड ठेवा, नाही तर जाईल.

"थंड म्हणजे किती थंड?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हाले स्वेटर घालावा वाटन इतकं."

फागुन संपायला आला होता. आमचे हे बाहेर येऊन आभाळाकडे पाहू लागले.

डॉक्टरांनीच सांगितलं की ही जात जन्मते तीही बऱ्याचदा पोट कापून, कारण डोकं इतकं मोठं की आईला बाहेर काढता येत नाही. मी घरी येईपर्यंत त्यावरच विचार करत होते. कोणा शहाण्यानं दिसायला मजा म्हणून कुत्र्याचं नाक आत ढकललं, पाय आखूड केले, डोकं फुगवलं, आणि मग त्या बिचाऱ्याला श्वास घेता येईना तर त्याची किंमत वाढवली. आमच्या गल्लीतली कुत्री तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात विते आणि संध्याकाळी भाकर मागायला दारात उभी राहते. तिला कोणी जातिवंत म्हणत नाही.

मग उन्हाळा लागला. आमच्या घरी एक कूलर आहे, मोठा लोखंडी, मधल्या खोलीच्या खिडकीला लावलेला. दुपारी सगळं घर त्याच्यासमोर झोपतं. आता पहिली जागा कुत्र्याची. तो जाळीला पाठ लावून पसरायचा, आणि आम्हाला जो वारा मिळायचा तो त्याच्या अंगावरून येणारा. मी पदर नाकावर घेऊन झोपायची. हे म्हणायचे, "तुले गरम होऊन राहिलं का?" मी म्हणायची, "नाही जी, मले सुगंध येऊन राहिला."

वैशाखात एक दिवस दुपारी लाइट गेली. तशी ती रोजच जाते, पण त्या दिवशी येईचना. छपराचे कवेलू तापलेले, खोलीत भट्टी. कुत्रा आधी धापा टाकत होता, मग त्याच्या घशातून करवतीसारखा आवाज यायला लागला. जीभ जांभळी दिसू लागली. सून रडायला लागली. ती पाण्यानं त्याचे पाय पुसत होती, मी सुपानं वारा घालत होते. हे एकदम उठले.

"बोडीवर नेतो. म्हशी बसतेत, हाही बसन."

आता यात त्यांना वेडं म्हणावं तर सगळं गावच वेडं. तळ्याच्या काठच्या गावात कुत्रा पोहतो का, असा प्रश्न कोणाला पडतच नाही. आमचे कुत्रे पोरांच्या मागं पाण्यात उड्या मारतात, मासे धरणाऱ्यांच्या डोंग्यामागं पोहत जातात. ह्यांनी त्याला उचललं आणि घरामागून निघाले. मी टॉवेल भिजवून मागं निघाले, पण माझे गुडघे असे, मी पोचेपर्यंत त्यांनी त्याला म्हशी उतरतात तिथं पाण्यात सोडलं होतं.

पाणी उन्हाळ्याचं, कमरेएवढं. कुत्रा पुढं सरकला आणि पाट्यासारखा खाली गेला. डोकं जड, पाय बोटभर, तो हातपाय मारणार तरी कशानं. हे काठावर उभे, चेहऱ्यावर कौतुक.

"येते वर," मला म्हणाले. "बुडी मारली त्यानं."

"अजी, बुडून राहिला तो."

"येते, येते."

वर आले ते फक्त बुडबुडे. मग ह्यांना समजलं. धोतरासकट आत गेले, चिखलात एक चप्पल सुटली, वाकून दोन्ही हातांनी चाचपलं आणि त्याला मानगुटीच्या सैल कातडीला धरून वर ओढलं. त्या कातडीचा तेवढा एक उपयोग मी आजवर पाहिला. आम्ही दोघांनी त्याला ओढत मोहाच्या झाडाखाली आणलं, कुशीवर पाडलं. तोंडातून पाणी गेलं. मी ओला टॉवेल पोटाखाली सरकवला. हे त्याच्याजवळ बसून पाठ चोळत होते आणि एकच बोलत होते, "ऊठ रे, ऊठ रे." बऱ्याच वेळानं तो खोकला. मग नेहमीसारखा घुरघुरला. तो आवाज मला तेव्हा पहिल्यांदा बरा वाटला, हे लिहून ठेवते, पण त्याचं फार कौतुक करू नका.

ह्यांच्या धोतरातून चिखल गळत होता. तरी पहिलं वाक्य काय तर, "मेला असता तर इवायाले काय सांगतलं असतं मी?"

"तुम्हाले इवायाची पडली आहे. त्याचे ओठ पाहा आधी."

त्यांनी वाकून ओठ पाहिले. मग हळूच म्हणाले, "वापस नाही करता येत अवो."

घरी आलो तर सून बॅग भरत बसली होती. चार दिवसांनी तिला माहेरी जायचं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्याच लेकी माहेरी जातात, कोणी त्याला 'परत पाठवली' म्हणत नाही. मी तिची बॅग पाहिली, कुत्र्याकडे पाहिलं, आणि ह्यांना म्हटलं, "याचं माहेर कोणतं जी?"

त्यांना समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर हसले नाहीत, पण उठून मुलाला गाडीचं सांगायला गेले.

दुसऱ्याच दिवशी तांबडं फुटताना निघालो, ऊन चढायच्या आत. मुलानं गाडी चालवली. माहेरी कोणाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, म्हणून सोबत घरच्या तांदळाचं चुंगडं, कुरडया, पापड, आणि कुत्र्याची वाटी, त्याच्या चिंध्या. निघताना सुनेला कुंकू लावलं तसं त्यालाही लावलं. ते लगेच कपाळाच्या घडीत गेलं आणि दिसेनासं झालं.

इवाई मिलच्या ऑफिसात होते, पांढरा कडक शर्ट, डोक्यावर एसी. आम्हाला पाहून उठले, मुलीला पाहून हसले, आणि मग ह्यांच्या काखेतलं गाठोडं दिसलं.

"अरे, याले कायले आणलं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माहेरी आणलं," मी म्हटलं. "पोरगी आली, तिच्यासंगं हाही आला. तुम्हाले लेकराची आठवण येत असन."

मागच्या घरातून विहीणबाई पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी तांब्या टेबलावर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, हा येते वापस."

"वापस नाही जी," मी म्हटलं. "माहेरपणाले."

इवाई मला म्हणाले, "पण विहीणबाई, घरात एसी नाही आमच्या. हा एकच, ऑफिसात."

"मंग इथंच ठेवा. मिलमध्ये धान का कमी आहे? राखण होईन."

कुत्र्यानं इवायाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. ह्यांच्या हातातून उतरला, सरळ एसीखाली गेला, इवायाच्या खुर्चीच्या पायाशी पसरला आणि घोरू लागला. धान विकायला आलेले दोन शेतकरी त्याला ओलांडून आत आले.

निघताना इवाई गाडीपर्यंत आले. "मंग कधी नेता याले?"

"पावसाळ्यात उमस असते," मी म्हटलं, "तेव्हा कूलर कामाचा नाही. थंडीत त्याले सर्दी होते. पाहू."

त्यांना पक्कं समजलं. आणि त्यांनाही रीत माहीत आहे, माहेरी आलेल्याला कोणी 'जा' म्हणत नाही.

सून पावसाच्या तोंडावर परत आली, एकटी. कुत्र्याचं नाव दोन्ही घरांत कोणी काढत नाही. हे मात्र धान घेऊन तुमसरला गेले की त्या ऑफिसात तासभर बसून येतात. म्हणतात, तो उठून येतो, ह्यांच्या पायावर डोकं ठेवतो, लाळ गाळतो.

"ओळखते अवो मले," परवा फार अभिमानानं सांगत होते.

"ओळखनच," मी म्हटलं. "बुडवणाऱ्याले कोण विसरते?"