दीड दिवसाचा की पाच?

मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत राहायला आल्यापासून बाबांनी एक उद्योग मागे लावून घेतला होता. सुट्टी आली की ते आम्हाला फिरायला काढायचे, पण ते फिरणं फिरण्यासाठी नसायचंच. बिल्डरचा माणूस गिऱ्हाइकाला सॅम्पल फ्लॅट दाखवतो, तसे ते आईला मीरा रोड दाखवायचे. दसऱ्याला काशीगावची शेतं दाखवली, तिथे आईच्या चपलेचा अंगठा तुटला. दिवाळीत खाडीकाठी नेलं, तिथे डासांनी आमचाच फराळ केला. आई दर वेळी म्हणायची, "छान आहे हो. आता घरी कधी जायचं?" आणि घरी म्हणजे गिरगावात.

गिरगावातली चाळीतली खोली आम्ही अजून सोडली नव्हती. बाबांना ती देऊन टाकायची होती, आईला नव्हती, आणि या भांडणाच्या मध्यभागी साक्षात गणपती बसला होता. मीरा रोडला दोन खोल्या, घरातच संडास, वर गॅलरी असं सगळं ऐश्वर्य असूनही भाद्रपद आला की आम्ही फ्लॅटला कुलूप लावून गणपतीला गिरगावात जायचो. "इथे बसवला तर दर्शनाला येणार कोण? तुमचा तो पाण्याचा टँकरवाला?" असं आई विचारायची. आमच्या जिन्यात सगळी दारं बंद. शेजारी दिसले तर हसायचे, आणि हसता हसता दार लावून घ्यायचे. गणपती जिथे बसतो ते घर, एवढं आम्हा पोरांनाही कळत होतं. त्या हिशेबाने मीरा रोडला आम्ही नुसते मुक्कामाला होतो. मला मात्र खाली खेळायला एवढं मोठं मैदान सोडून परत चाळीच्या गॅलरीत कोंबून घ्यायचं नव्हतं, म्हणून मी मनातून बाबांच्या पक्षात होते.

मग नाताळ आला. बाबांना ऑफिसात कोणीतरी सांगितलं की उत्तनकडे डोंगरीला नाताळात घरोघरी येशूच्या जन्माचे देखावे करतात, बघण्यासारखे असतात. बाबांचे डोळे चमकले. "घरोघरी" हा शब्द त्यांनी आईला तीनतीनदा ऐकवला.

डिसेंबर आहे म्हणून आईने मला आणि धाकट्या भावाला मावशीने विणलेले लोकरीचे स्वेटर घातले. भर दुपारी बारा वाजता. भाईंदरहून बस निघाली आणि मिठागरांमधून जाताना उन्हाने असा काही चटका दिला की भाऊ रडायला लागला. आईचं म्हणणं, थंडीचे दिवस आहेत तर स्वेटर घालायलाच हवा, उकडतंय हा हवामानाचा दोष. पुढे वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला. आईने पदर नाकाला लावला तो डोंगरीला उतरली तरी काढला नाही. बाबा मात्र खिडकीतून बघत, "काय हवा आहे!" असं म्हणत होते.

डोंगरीत दारोदारी कागदी चांदण्या टांगलेल्या. "आकाशकंदीलच की," आई म्हणाली आणि तिने पदर नाकावरून थोडा खाली घेतला. एका कौलारू घराचं दार सताड उघडं होतं. आत देखावा दिसत होता. पण आत जायचं कसं, हे काही बाबांना ऑफिसातल्या माणसाने सांगितलं नव्हतं. मग आम्हाला जे एकच येत होतं ते आम्ही केलं. चपला दाराबाहेर काढल्या, आत शिरलो आणि रांगेत उभं राहून हात जोडले. बाबांनी पिशवीतून नारळ काढून देखाव्यापुढे ठेवला. नारळाच्या मानाने देखाव्यातला गोठा लहान होता, त्यामुळे एक मातीचा मेंढपाळ आडवा झाला. भावाने गोठ्यात वाकून नीट पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "उंदीर कुठाय?"

आतून एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, गळ्यात सोनं. आई चाटच पडली. तिच्या कल्पनेत ख्रिश्चन बाई म्हणजे फ्रॉक. म्हातारीने आमच्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, मेंढपाळाला उभं केलं.

कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. आईच्या तोंडून दर वर्षीचा सवयीचा प्रश्न निघाला. "दीड दिवसाचा का पाच?"

"काय?"

"नाही, म्हणजे... विसर्जन कधी?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. म्हातारी पोट धरून हसली. "न्हाय बाय, आमी त्याला बुडवत न्हाय. सन झाला का कापसात गुंडालून माल्यावर ठेवतो." मग तिने आईचं मनगटच धरलं. "बसा. उपाशी न्हाय धाडत आमी कोनाला नाताळात."

आणि बसवलं. ताटात करंज्या आल्या. "ही तर आपली करंजी!" आई म्हणाली. "आमी नेवरी बोलतो," म्हातारी म्हणाली. त्यावरून दोघींचं सारण, मोहन, तळताना फुटणं असं जे सुरू झालं ते थांबेचना. बाबांना छोट्या पेल्यात काहीतरी लालसर मिळालं. त्यांनी ते सरबत आहे असं जाहीर केलं आणि दुसरं सरबत मागून घेतलं. आमचे स्वेटर म्हातारीनेच ओढून काढले. "पोरं शिजवाची हायत का?" असं तिने विचारलं आणि आई चक्क हसली. मीरा रोडला आल्यापासून आई परक्या घरात हसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

निघताना म्हातारीने विचारलं, "तुमच्याकडं गनपती येतो का?"

"येतो," आई म्हणाली आणि अडखळली. "म्हणजे गिरगावात येतो. इकडे कोणी येत-जात नाही ना कोणाकडे."

"तुमी आलेच ना? तुमाला बोलावलंवतं कोनी?"

परतीच्या बसमध्ये बोंबलांचा वास आला तरी आईने पदर नाकाला लावला नाही. बाबा तिच्या खांद्यावर झोपले. त्यांना सरबत लागलं होतं.

पुढच्या भाद्रपदात आईने स्वतःहून गणपती मीरा रोडला आणवला. सकाळची आरती आम्ही चौघांनीच केली. डोंगरीची म्हातारी काही आली नाही. येणार कुठून, आम्ही तिला पत्ताच दिला नव्हता. दुपारपर्यंत मोदकांचा ढीग तसाच. बाबांचा चेहरा उतरला. मग आईने दार सताड उघडलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. वरच्या मजल्यावरची गुजराती बाई भाजी घेऊन चढत होती. आईने तिचं मनगटच धरलं. "अंदर आओ. ऐसेच नहीं भेजते हम किसी को गणपती में." बाई घाबरली, आत आली, मोदक खाल्ला आणि सासूला घेऊन परत आली. संध्याकाळी आमच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. आईने हसता हसता दार लावून घेणाऱ्या शेजारच्या कुलकर्ण्यांसकट कोणालाही सोडलं नाही; टँकरवाल्यालाही धरून आणलं.

सगळे गेल्यावर ती पाय पसरून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "अहो, ती तिकडची खोली देऊन टाका आता."

मी आनंदाने उडीच मारली. बाबा नुसतं "बरं" म्हणाले. हातातला मोदक त्यांनी परत ताटात ठेवला आणि गॅलरीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. खांदे हलत होते. दोन वर्षं जी खोली देऊन टाकायला ते आईशी भांडत होते, तिच्यातच त्यांचा जन्म झाला होता. आमची आजी तिथेच वारली होती. हे आईच्या कधी लक्षात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच, आणि मला वाटतं, त्या क्षणापर्यंत बाबांच्याही आलं नव्हतं.