मेन्सिमाच्या डोक्यावरची पावडर

ताकोराडी या बंदराच्या गावातल्या बांधकामावर आंटी मेन्सिमाशिवाय पान हलत नसे. शिकाऊ पोरापोरींना उस्तादांच्या हाताखाली लावायचं, ठेकेदारांच्या नाकदुऱ्या काढायच्या, पळून गेलेल्याला कान धरून परत आणायचं, ही तिची नोकरी. शिकणं पुरं झालं की उस्ताद शिकाऊच्या डोक्यावर पांढरी पावडर शिंपडून त्याला मोकळं करी. सरकारी कागद खुशाल असू दे, पावडर पडल्याशिवाय गावात कुणी गवंडी म्हणत नसे, कामही देत नसे.

निवृत्तीआधीच्या तिच्या शेवटच्या समारंभात एकुवा नावाच्या शिकाऊ पोरीचं घोडं अडलं. तिचा उस्ताद पावसाळ्यात वारला होता, आणि दुसऱ्याची शिकाऊ मोकळी करायला एकही उस्ताद राजी नव्हता.

"आंटी, मला कामाला तुम्हीच लावलंत," एकुवाने पावडरचा डबा पुढे केला. "मोकळंही तुम्हीच करा."

लोकांनी टाळ्या पिटल्या. मेन्सिमा मागे सरकली.

"मला नाही करता येणार गं. मीच अजून मोकळी झालेली नाही."

 अंगणात पुढच्या खुर्चीवर तिचा म्हातारा उस्ताद, एग्या बेंट्सिल, काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

काय दिवस होते ते! बंदराजवळच्या कामावर ती एकटीच मुलगी. सकाळी केंकीबरोबर, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या गोळ्यांबरोबर, तळलेली मासळी यायची, आणि एग्या मोठा तुकडा गुपचूप तिच्या पानात सरकवायचा. कामात मात्र दयामाया नाही. "ही भिंत आहे की झिंगलेला कोळी?" असं चारचौघांत विचारायचा. शेवटच्या परीक्षेला तिने भिंतीचा कोपरा बांधला. एग्याने ओळंबा लावला, बराच वेळ पाहिलं आणि लाथ मारून कोपरा पाडला. "अजून नाही." पुढे बांधकामाच्या कचेरीला कामातलं कळणारं माणूस हवं होतं, म्हणून ती तिकडे गेली. परत येऊन बांधू, असं म्हणता म्हणता केस पिकले. एग्याकडे ती शिकाऊ घेऊन जाई, मासळी घेऊन जाई, पण तो विषय दोघंही काढत नसत.

एग्याने काठी आपटली. "पोरी, कोपरा बांध."

"आत्ता? या नव्या कपड्यांत?"

"कपडे धुता येतात."

मेन्सिमाने पदर खोचावा तसं कापड कमरेला खोचलं. एकुवाने विटा आणून माल कालवून दिला. थापी हातात आली आणि तिला फार बरं वाटलं. थरावर थर चढले. एग्याला आता दिसत नव्हतं. त्याने कोपऱ्यावरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली.

"सरळ आहे," तो म्हणाला. "तेव्हाचाही सरळच होता."

"मग लाथ का मारलीत?"

"मोकळी झाली असतीस तर बाकीच्यांसारखी जास्त मजुरीसाठी सीमेपलीकडे आबिदजानला पळाली असतीस. तुझ्यासारखा हात मला पुन्हा कुठे मिळाला असता?"

मेन्सिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अख्खा जन्म, एग्या! अख्खा जन्म मी दुसऱ्यांच्या डोक्यावरची पावडर बघत काढला!"

"आणि तू तरी काय केलंस? मला टाकून कचेरीत गेलीस," म्हातारा पुटपुटला. 

तिला हसू आलं आणि रडूही. ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. एकुवाने दिलेला डबा त्याने चाचपडत उघडला आणि अर्ध्याहून जास्त तिच्या डोक्यावर रिकामा केला.

पांढऱ्या भुवयांनी, वाहत्या डोळ्यांनी मेन्सिमा उठली आणि तिने डबा आपल्या हातात घेतला.

"एकुवा, ये इकडे. तुला नाही ताटकळत ठेवणार."