वसवण्याआधीची एक चाल

रविवारी दुपारी मुलगी लॅपटॉपवर राज्य उभारायचा खेळ खेळत होती. वस्ती करायला निघालेली माणसं तिने एका हिरव्या चौकोनावर आणून थांबवली.

"वसव की इथे. जागा सपाट आहे," मी म्हणालो.

"बाबा, इथे पाणी कुठंय? शहर वाढणारच नाही. एक चाल वाया गेली तरी चालेल, नदीकाठी नेते."

पुनर्वसन खात्यात असताना धरणात बुडणाऱ्या एका गावासाठी नवी जागा मीच निवडली होती. पाहणीला गेलो तो भाद्रपदात, ओढा खळाळत असताना. नकाशावर गावठाण आखलं आणि सही केली.

"सायेब, चैतात एकदा येऊन बगा की," त्या बुडणाऱ्या गावातली एक म्हातारी म्हणाली होती.

"आजी, तेवढा वेळ नाही."

सातच महिने थांबायचं होतं.

गाव वसल्यावर एका चैत्रात गेलो. ओढ्यात नुसती वाळू होती, निम्म्या घरांना कुलपं. म्हातारी दारात बसली होती. मला ओळखून ती उठली आणि आतून तांब्याभर पाणी घेऊन आली.

"उन्हातनं आलायसा, प्या."

मी प्यायलो. घरात किती उरलंय, हे विचारायचं धाडस झालं नाही.